प्रभाचं नातं

अकलूजहून बदली होऊन कमलाकर सोलापुरात आला, तेव्हा त्याने साखर पेठेत मुद्दाम गल्लीच्या टोकाची खोली घेतली. पहिलं मूल जन्मताच गेलं आणि तेव्हापासून त्याच्या बायकोचं, प्रभाचं, मन ठिकाणावर नव्हतं. स्वतःशीच बोलायची, मधूनच उठून रस्त्याने चालू लागायची. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. कमलाकर कचेरीत जाताना बाहेरून कडी घालायचा आणि कुणी विचारलंच, तर एकटाच राहतो म्हणून सांगायचा.

शेजारी सुंदरम्माचं विणकराचं घर. तिच्या ओट्यावर गल्लीतल्या बायका मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसायच्या. एका रविवारी ती कमलाकरच्या दारात आली.

"भाऊ, आत बाई हाय ती लई रडती. भिंतीतनं ऐकू येतं. नाव काय तिचं?"

कमलाकर गोरामोरा झाला. या बायकांना सगळं ठाऊक होतं आणि आपण रोज त्यांच्यासमोरून ऐटीत जात होतो. त्याने खाली बघत नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रभा ओट्यावर बसू लागली. कधी सुताचा गुंता करून ठेवायची, तो कुणीतरी मुकाट्याने सोडवायचं. उठून निघाली, की जिचा हात रिकामा असेल ती तिच्यासोबत जाऊन तिला फिरवून आणायची. दुपारची गोळीही बायकाच देत. संध्याकाळी कमलाकर आला, की प्रभाची वेणी घातलेली असायची. आभार मानायलाही त्याला तोंड नव्हतं.

एके दिवशी कचेरीतला विरुपाक्ष न कळवता घरी आला. प्रभा घरातच होती. त्याने विचारलं, "या कोण?"

"बहीण," कमलाकर म्हणून गेला.

चहाला दूध घेऊन आलेली सुंदरम्मा दारातच थबकली. तिने भांडं खाली ठेवलं, प्रभाचा हात धरला आणि तिला बाहेर नेलं.

सकाळी ती नेहमीसारखी प्रभाला न्यायला आली, पण कमलाकरशी एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं. कचेरीत त्याने विरुपाक्षला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. विरुपाक्ष म्हणाला की रविवारी बायकोला घेऊन वहिनींना भेटायला येतो.

घरी येऊन कमलाकरने ते सुंदरम्माला सांगितलं. कांडी भरणारा तिचा हात थांबला नाही.

"मला काय सांगता? तिला सांगा की."

सगळ्या बायकांसमोर तो प्रभाजवळ ओट्यावर बसला आणि चुकलो म्हणाला. प्रभा सूत गुंडाळत राहिली. तिने वर पाहिलं नाही.