फुगलेली बॅटरी आणि सासूबाईंचा पाटा

परवा भाचीच्या साखरपुड्यात कुणीतरी नेलपॉलिश काढत होतं आणि त्या गोडसर, उग्र वासानं मला शेवगावच्या आमच्या घरातली एक दुपार आठवली. मी तेव्हा घरूनच ऑफिसचं काम करायचे. लॅपटॉपला अगदी तसाच वास यायला लागला, म्हणून पाहते तर आतली बॅटरी फुगून टचपॅड पुरीसारखं वर आलेलं. "पाटा ठिवू वरून, बसंल गुमान खाली," म्हणत सासूबाई खरंच पाटा उचलून आल्या. मी ओरडलेच, "आई, नका! दाबलं तर पेट घेईल." त्यांनी पाटा तिथंच जमिनीवर टेकवला. मी लॅपटॉप बंद करून चार्जर काढला; झाकण मात्र जोर लावून मिटायला गेले नाही. सासूबाईंनी बांधकामातली उरलेली कोरडी वाळू घमेल्यात भरली. त्यावर लॅपटॉप अलगद ठेवून आम्ही दोघींनी घमेलं अंगणात, कडब्याच्या गंजीपासून लांब, सावलीला नेलं. गंजीला ठिणगी लागली तर, या भीतीनं मी पुन्हा पुन्हा मागं वळून बघत होते. मग मी फोन करून बोलावलेला दुरुस्तीवाला नगरहून येईपर्यंत सासूबाई लांब बाजेवर बसून काठीनं कोंबड्या हाकत राहिल्या. शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, "काय वाळत घातलंय, काकू?" "सुनंची नोकरी हाय," सासूबाई म्हणाल्या, "लई फुगली व्हती." हसता हसता माझी भीतीच पळाली. संध्याकाळी दुरुस्तीवाल्यानं ती बॅटरी न टोचता, न दाबता काढली आणि वाळूच्या डब्यात घालून नेली. आता सासूबाई जाता-येता माझ्या लॅपटॉपवर हात ठेवून बघतात, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.