सुरळीतलं पान

बोरिवली स्टेशनबाहेर गोराईहून येणारी एक बाई बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. केळीची, हळदीची पानं, कर्दळीची फुलं, ओलं आलं. धूळ नसली तरी प्रत्येक पानावरून ती तळहात फिरवायची.

मी तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला नवीनच लागले होते. एकदा वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, केळ आणि आलं एकाच गणात कसं?"

"पुस्तकात तसं वर्गीकरण आहे," म्हणून मी वेळ मारून नेली. मनातून लाज वाटत होती. संध्याकाळी पानं घेताना सहज विचारलं, "मावशी, या सगळ्यांत सारखं काय गं?"

तिने हळदीचं न उघडलेलं पान हलकेच उलगडलं. "हे बघ. केळ, हळद, आलं, कर्दळ, सगळ्यांचं नवं पान असं सुरळी होऊनच येतं. एका घरच्या आहेत ना या!"

दुसऱ्या दिवशी चौघींची कोवळी पानं मी वर्गात नेली. मुलं ती उलगडून बघत राहिली. पुस्तकातही या एकाच गणात आहेत, हे मी संध्याकाळी मावशीला सांगितलं, तेव्हा पाणी शिंपडता शिंपडता ती म्हणाली, "म्हणजे बरोबर लिवलंय त्यांनी."

पुस्तकातलं खरं आहे का, हे झाडाला विचारायचं असतं, हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं.