उताणा पेशंट

जेवणाच्या टेबलावर विमान उताणं झोपलेलं असलं की माणसांनी जेवायचं कुठे, हा प्रश्न आमच्या घरात फक्त मला पडतो. आमच्या ह्यांना नाही. हे दातांचे डॉक्टर, सगळी गल्ली त्यांना 'दातवाले' म्हणते, आणि समोर कुणी आ करून पडलेलं असलं की दातवाल्यांना भूक लागत नाही.

खेळण्यातलं विमान, असं लोक म्हणतात. म्हणा बापडे! आमच्या सोफ्यापेक्षा लांब आहे ते, पोटात खरंखुरं जेट इंजिन आहे आणि रिमोटवर उडतं. उडणं सोपं म्हणे, उतरणं कठीण. हवेत गेल्यावर तीन पाय पोटात घ्यायचे, वर झाकणं लावायची, आणि उतरताना झाकणं उघडून पाय बाहेर काढायचे. एक पाय अडकला की सगळ्या खटाटोपाचा चुरा. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, पण ह्या बाळाचे मला उठताबसता टेबलावरच दिसत होते.

मी ते का खपवून घेतलं, तेही सांगते. दवाखान्यात मी ह्यांची मदतनीस होते, अगदी शेवटपर्यंत. ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा सगळ्यांच्या आधी मला कळलं. कुणी तक्रार करायच्या आत ह्यांनी स्वतःच दवाखान्याला कुलूप लावलं आणि खुर्चीत बसले. बसले म्हणजे बसलेच. टीव्ही बंद असला तरी त्याच्याकडे बघत. कुणी आलं की हात पाठीमागे लपवायचे. मला तो माणूस बघवत नव्हता. म्हणून ह्यांनी विमानाचं खोकं घरात आणलं तेव्हा तोंडानं मी पुष्कळ बोलले, पण टेबल रिकामं करून दिलं.

उडवणार होते, अशी विमानं उडवायच्या मैदानावरचे ड्रायव्हरसाहेब. त्यांनी जन्मभर बस चालवली आणि आता जेट उडवतात. ह्यांचं काम फक्त पाय बसवायचं. "पण पाय नीट बसले नाहीत, तर हत्यारं कायमची पेटीत," ह्यांनी मला बजावलं. "मग ह्या हातानं आता काही व्हायचं नाही, असं समजायचं." मी "काहीतरीच तुमचं!" म्हटलं खरं, पण डोळ्यांसमोर ती खुर्ची पुन्हा दिसायला लागली.

मग सुरू झाली ट्रीटमेंट. पेशंट उशीवर उताणा, हे त्याच्या नाकाशी स्टुलावर, कपाळावर दिवा, आणि शेजारी मी रिमोट घेऊन. "आ," असं ह्यांनी म्हटलं की मी बटण दाबायची. झाकण उघडायचं, मग पाय बाहेर. हा क्रम विमानातल्या एका छोट्या इलेक्ट्रॉनिक डबीत बसवावा लागतो. एकदा तो चुकला आणि बंद झाकणावर पाय आतून असा आपटला, की झाकणाचा तुकडा उडून ह्यांच्या चष्म्यावर.

"चावला," हे शांतपणे म्हणाले. सवय आहे.

मागची दोन चाकं किंचित एकमेकांकडे बघणारी हवीत, म्हणजे विमान सरळ धावतं. ते मोजपट्ट्या लावून जमवलं. पण चाक घट्ट बसवणारा एक बारीक स्क्रू होता, त्यानं आमच्या नाकी नऊ आणले. ह्यांचा हात थरथरायचा, स्क्रू जमिनीवर, आणि मी टेबलाखाली. शेवटी मी ह्यांचं मनगट धरलं आणि ह्यांनी पिळला.

"नाडी बघतेस का गं?"

"आहे की नाही ते बघतेय."

पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं. डावी म्हणजे पेशंटची डावी, ह्यावर आमचं आयुष्यात भांडण झालं नाही. पेशंट उताणा आणि आपण त्याच्या डोक्याशी, म्हणजे त्याची डावी तीच आपली डावी. ह्यांनी "डावीकडे" म्हटलं की मी रिमोटची दांडी डावीकडे करायची, चाक बरोबर वळायचं.

मैदानावर विमान आपल्या पायांवर उभं राहिलं. शेवटचं तपासायला हे सवयीनं नाकाशी जाऊन बसले, मी शेजारी. "डावीकडे," हे म्हणाले. मी दांडी हलवली आणि ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, उलटं वळतंय!" मलाही उलटंच दिसलं. घाईघाईनं आम्ही रिमोटमध्ये दिशा बदलून टाकली.

ड्रायव्हरसाहेबांनी रिमोट घेतला. विमान धावता धावता जरा डावीकडे गेलं, त्यांनी उजवीकडे घेतलं, तर ते आणखी डावीकडे. त्यांनी आणखी उजवीकडे घेतलं, तर ते थेट बघायला खुर्च्यांवर बसलेल्या मंडळींकडे! पळापळ झाली. ब्रेक लागला तेव्हा विमानाचं नाक ड्रायव्हरसाहेबांच्या जेवणाच्या डब्याला टेकलं होतं.

"एवढी वर्षं बस चालवली," ते म्हणाले, "पण स्टिअरिंगनं असा अपमान नव्हता केला कधी."

सगळे हसले. हे नाही हसले. हत्यारांची पेटी बंद केली आणि हात पाठीमागे घेतले. "चल घरी. नाही जमत आता मला."

माझं डोकंच फिरलं. "नाही जमत म्हणजे? टेबलावर बरोबर होतं ना? मग इथं काय धाड भरली? बसला कुठे होतात तुम्ही?"

"डोक्याशी. नेहमीसारखा."

"आणि पेशंट?"

"पेशंटचं काय?"

माझ्या तेव्हाच लक्षात आलं. "अहो, पेशंट उताणा कुठाय? पालथा पडलाय तो! त्याची डावी आता आपली उजवी!"

ह्यांनी विमानाकडे बघत आधी स्वतःचा डावा हात हलवून पाहिला, मग उजवा. "जन्मात एक पेशंट पालथा तपासला नाही मी," असं म्हणाले आणि इतके हसले, की ड्रायव्हरसाहेबांना वाटलं माणूस हातचा गेला.

दिशा पुन्हा बदलली. विमान सरळ धावलं, उडालं, पाय पोटात गेले. मी वर बघितलंच नाही, हात पुन्हा पाठीमागे घेऊन उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे बघत होते. "पाय काढतोय!" ड्रायव्हरसाहेब ओरडले. मागचे दोन्ही आले. पुढचा येईना. ह्यांचे ओठ हलत होते, आणि मग तोही आला. विमान टेकलं आणि सरळ रेषेत धावत जाऊन थांबलं. मी रडले. का नाही रडायचं?

थोड्या वेळानं ड्रायव्हरसाहेब स्वतःचं विमान उचलून घेऊन आले. "डॉक्टर, ह्याचा एक पाय अर्धाच उघडतो. जरा बघता का?"

ह्यांचा पाठीमागचा हात पुढे आला, थरथरतच आला, आणि त्यांनी तो पाय दोन बोटांत धरून अगदी हळू हलवून पाहिला.

"कधीपासून दुखतंय?" ह्यांनी विचारलं.