दहा फूट सोडून बाकीचा डोंगर

आमच्या गावचा डोंगर गेला, त्याला माझं मराठी कारणीभूत आहे. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला शहाणपण शिकवायला नको.

मी नांदेडला एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. अर्ज, ठराव, स्मरणपत्रं यांतच केस पांढरे झाले. गाव जळकोटपासून थोडं आत. तिथं आप्पा, म्हणजे माझे वडील, धाकट्या भावाकडे राहतात. ऐंशीला टेकलेत, पण किराणा दुकानाच्या गल्ल्यावर अजून तेच बसतात. आमच्या भागातून मोठा रस्ता जाणार असं ठरलं, आणि रस्त्याला खडी लागते, खडीला डोंगर लागतो, हे सगळ्या गावाला एकदमच कळलं.

आमचा डोंगर काही फार मोठा नव्हता. पण माथ्यावर महादेवाचं छोटं दगडी देऊळ होतं आणि अर्ध्या चढावर झरा. किती का दुष्काळ पडेना, झऱ्याखालच्या दगडी डोणीत बोटभर पाणी असायचंच. दर सोमवारी आप्पा डोणीत तांब्या बुडवायचे आणि ते पाणी वर नेऊन पिंडीवर घालायचे. डोंगराचं पाणी डोंगराच्या देवाला. त्यांच्या वडिलांनीही जन्मभर हेच केलं. आम्ही लिंगायत, आप्पांच्या गळ्यात लिंग. त्यामुळे लोक चिडवायचे, "देव छातीवर घेऊन फिरता, मग डोंगर कशाला चढता?" आप्पा म्हणायचे, "ह्यो गळ्यातला माझा हाय. वरचा गावाचा. गावाच्या देवाला आंघोळ घालायला कुणीतरी पायजे का न्हाई?"

तर ग्रामसभा भरली. सगळ्यांना भीती एकच, देवळाची. सुरुंगानं देऊळ पडलं तर गावाचं वाटोळं होईल. तास-दीड तास आरडाओरडा झाला आणि मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. "हेडक्लार्क सायेब आलेत की! लिव्हा तुम्ही." मी सुट्टीवर आलो होतो, कागदाची सवय होतीच, शिवाय चारचौघांत मान मिळाला की माझी अक्कल चरायला जाते. मी लिहिलं, "सदर मंदिर हे समस्त ग्रामस्थांचे श्रद्धास्थान असून मंदिरास, तसेच मंदिराच्या सभोवतालच्या दहा फूट जागेस, कसलाही धक्का लावू नये, ही नम्र विनंती." उभा राहून वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दहा फुटांवर तर जास्तच वाजवल्या. एकट्या आप्पांनी विचारलं, "झऱ्याचं लिव्हलं का रे?"

मी म्हणालो, "आप्पा, देऊळ राहिलं म्हणजे डोंगर राहिला, डोंगर राहिला म्हणजे झरा राहिला. अर्ज आटोपशीर पाहिजे."

आटोपशीर! जीभ झडायला पाहिजे होती माझी.

कंपनीची माणसं फार सज्जन निघाली, हीच तर अडचण झाली. त्यांनी अर्ज शब्दशः मानला. टेप आणून देवळाच्या चारी बाजूंनी दहा-दहा फूट मोजले, फक्कीची पांढरी रेघ मारली, नारळ फोडला आणि रेघेबाहेरचा डोंगर फोडायला घेतला. रोज दुपारी भोंगा वाजायचा, मग सुरुंग. फडताळातली भांडी खाली यायची, म्हशी दूध चोरायच्या, आणि क्रशरची धूळ तर अशी, की माझ्या भावजयीनं वाळत घातलेले पापड लोकांनी तीळ लावलेले समजून खाल्ले. गावाचं लक्ष मात्र एकाच गोष्टीवर. देवळाला तडा गेला का? नाही गेला. मग ठीक आहे.

वर्षा-दीड वर्षानं डोंगर संपला. देऊळ राहिलं. तीन मजले उंच सरळसोट दगडी खांब, वर दहा फुटांचं अंगण, अंगणात महादेव. पायवाट रेघेबाहेर होती, ती गेली. झरा रेघेबाहेर होता, तोही गेला. देव तारी त्याला कोण मारी म्हणतात. इथं आम्ही देवाला तारलं आणि वरच अडकवून ठेवलं.

मी तावातावानं तक्रार करायला गेलो, तर कंपनीच्या साहेबानं फाईलमधून माझाच अर्ज काढला. अक्षर माझं, सही माझी. "सर, तुम्ही जे मागितलं ते सगळं दिलंय. एक इंच कमी असेल तर सांगा." काय सांगणार, कपाळ? तलाठ्याच्या कागदावर तर तो डोंगर नव्हताच. तिथं लिहिलं होतं, पोटखराब. म्हणजे ज्यात पीक येत नाही ती जमीन. आणि पोटखराबात झरा असल्याची नोंद कुठंच नव्हती.

गावानं जुळवून घेतलं. आपल्या लोकांना जुळवून घ्यायला फार येतं. श्रावणात बाया खालूनच माना वर करून दर्शन घेऊ लागल्या. सोमवारी संध्याकाळी अर्ध्या गावाच्या माना धरायच्या. सलूनवाल्यानं दाढीबरोबर मान मोडून द्यायला सुरुवात केली. लांबलांबचे लोक फोटो काढायला येऊ लागले, चहाची दोन हॉटेलं निघाली, आणि कंपनीनं पाटी लावली, "मंदिर सुरक्षित ठेवले आहे." खालून पाटी दिसायची, देव दिसायचा नाही.

आप्पांची सोय कंपनीनं मोठ्या मनानं केली. दर सोमवारी सकाळी हायड्रा क्रेन यायची, तिच्या दोरखंडाला लोखंडी पिंजरा, पिंजऱ्यात आप्पा, आप्पांच्या हातात तांब्या. क्रेनवाला परप्रांतीय, भाविक माणूस. "बाबाजी, कस के पकडो" म्हणायचा आणि स्वतःच डोळे मिटून हात जोडायचा. अरे बाबा, दांडा धर आधी!

आप्पांना पिंजऱ्याचं काही वाटत नव्हतं. त्यांचं दुखणं पाण्याचं. तांब्यात आता घरच्या बोअरचं पाणी. "परकं पाणी घालायलोय रे त्याला," म्हणायचे. दर सोमवारी भेटेल त्या ड्रायव्हरला, सुपरवायझरला विचारायचे, "इथं झरा होता, तो कुठं गेला?" त्यांना वाटायचं म्हातारा चळला. मला फोनवर विचारायचे, "मरून गेला असंल का रे झरा?" मी म्हणायचो, बघू. बघू म्हणजे काय, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. एकदाच, फक्त एकदा, डोंगराचं पाणी स्वतःच्या हातानं गावाच्या देवाला घालायचं, एवढंच त्यांना पाहिजे होतं. आणि त्याच्या आड मी आलो होतो, दुसरं कुणी नाही.

उन्हाळ्यातल्या एका सोमवारी मी गावात होतो. आप्पा वर पोचले, पिंजऱ्यातून उतरले, आणि तेवढ्यात क्रेनवाल्याला फोन आला. तिकडं पुलाचा गर्डर बसवायचा होता. "अभी आया," म्हणाला आणि क्रेन घेऊन गेला. पिंजरासुद्धा घेऊन गेला. आप्पा वर, आम्ही खाली. अर्धा तास झाला, तास झाला. ऊन तापलं. गाव गोळा झालं. जो तो सल्ला द्यायला लागला. कुणी शिड्या बांधा म्हणालं, कुणी खाली कडबा पसरा म्हणालं. "कडबा कशाला? उडी मारायला सांगता का ऐंशी वर्षांच्या माणसाला?" मी ओरडलो, तर तो म्हणाला, "न्हाई, असावा म्हणून."

इतक्यात वरून आप्पांचा आवाज आला. "पाणी! आरं पाणी हाय!"

लोकांना वाटलं म्हाताऱ्याला तहान लागली. गावच्या टीमचा बॉलर, चांगला दोन लेकरांचा बाप, त्यानं बिसलरीची बाटली घेतली, रनअप घेतला आणि फेकली. पहिली खांबावर आपटली, दुसरी परत आमच्याच डोक्यावर आली, तिसरी बरोबर कळसाला लागली. आप्पांनी ती उचलली आणि रागारागानं खाली फेकली. "येड्यांनो, ते न्हाई! तिकडं मागं बघा, पत्र्याच्या आत! झरा जित्ता हाय!"

खांबाच्या मागं कंपनीची मोठी खदान होती, चहूबाजूंनी पत्र्याचं उंच कुंपण. खालून आत काहीच दिसायचं नाही. वरून सगळं दिसत होतं, पण एरवी आप्पा पाणी घालून लगेच पिंजऱ्यात बसायचे; देवळामागं जायला त्यांना वेळ आजच मिळाला होता. आप्पांनी तिथूनच आम्हाला सांगितलं, खदानीच्या भिंतीतून पाणी पाझरतंय, तळाशी हिरवंगार साचलंय, त्यात मोटार टाकलीय आणि टँकर भरायलाय. तीन तासांनी क्रेन आली. आप्पा उतरले. तोंड उन्हानं लाल, पण मी त्यांना इतकं आनंदात कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. "मेला न्हाई रे," म्हणाले, "नोकरीला लागलाय."

आम्ही तडक साईट ऑफिसला गेलो. सुपरवायझर पोरसवदा, पण बोलायला गोड. "काका, ते प्रोजेक्टचं पाणी आहे. रस्त्यावर मारायला लागतं, नाहीतर धूळ उडते. लोकांच्याच तक्रारी येतात ना धुळीच्या."

"प्रोजेक्टचं कसं?" मी म्हणालो. "तो आमचा झरा आहे."

"सर, आम्ही झरा खोदलाच नाही. खड्डा खोदला, पाणी आपोआप आलं."

आप्पा म्हणाले, "मला लई नको. एक तांब्या दे."

तो खरंच अवघडला. आत सोडता येत नाही, सेफ्टीचा नियम आहे, खदान खोल आहे, काही झालं तर त्याची नोकरी जाईल. त्यानं आम्हाला चहा पाजला आणि जाताना थंड पाण्याच्या दोन बाटल्या हातात दिल्या, सीलबंद. मला त्याच्यावर ओरडायचं होतं आणि ओरडता येईना. सगळे असे चांगले वागायला लागल्यावर माणसानं कुणाच्या नावानं खडे फोडायचे?

बाहेर आलो तर तोच टँकर गेटातून निघत होता. नव्या रस्त्यावर चढला आणि मागच्या आडव्या नळीतून पाण्याची धार सुरू झाली. आप्पांनी पायातल्या वहाणा काढून माझ्या हातात दिल्या, धोतर वर खोचलं आणि टँकरच्या मागं चालायला लागले. तापलेल्या मुरमावर, ओल्या पट्ट्यातून, तांब्या पुढं धरून. मी मागं, हातात वहाणा आणि दोन सीलबंद बाटल्या घेऊन.

ड्रायव्हरनं आरशात बघितलं. म्हातारा माणूस भिजतोय, हे बघून त्यानं बिचाऱ्यानं माणुसकीनं पाणी बंद केलं.

"बंद करू नको रं!" आप्पा ओरडले. "सोड! सोड पाणी!"

ड्रायव्हर खाली उतरला, मी काय ते सांगितलं. त्याला कळलं का नाही देव जाणे, पण त्यानं कॉक थोडासा सोडला आणि तांब्या भरून दिला. आप्पांनी मान वर करून खांबाकडे बघितलं. क्रेन गर्डरकडे परत गेली होती. पिंजरा आता पुढच्या सोमवारी, आणि काम संपत आलेलं, त्यामुळे तोही येईल का नाही कुणाला माहीत. मग तांब्या तोंडाला लावून एक घोट घेतला, डोळे मिटले.

"हाव," म्हणाले. "त्येच हाय. घे, पी."

मी घोट घेतला. पाणी कोमट होतं, तोंडात कचकच आली आणि घशापर्यंत डिझेलचा वास भरला. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"त्येच हाय ना रे?"

"हो आप्पा," मी म्हणालो. "तेच आहे."