वाजली तर गेली

त्यांचं आडनाव वेगळंच होतं, पण सगळी गल्ली त्यांना दातार म्हणायची. दात देतो तो दातार, असा साधा हिशेब. मापं डॉक्टर घ्यायचे, पण कवळी तयार व्हायची ती दातारांच्या खोलीत, मेणाच्या वासात आणि प्लास्टरच्या भुकटीत. दुरुस्तीला मात्र लोक थेट त्यांच्याकडेच यायचे. दातार दातांखाली निळा कागद धरायचे, ‘चावा’ म्हणायचे आणि जिथे निळा ठिपका गडद उमटेल तिथे केसभर घासायचे. केसभर म्हणजे केसभरच. असा चोख माणूस रविवारी डोक्यावर हेल्मेट चढवून घाण्याच्या बैलासारखा गोल गोल का फिरतो, हे त्यांच्या बायकोला इतकी वर्षं संसार करूनही उलगडलं नव्हतं.

गाडी जुनी होती. ड्रायव्हरची सोडून बाकी सगळ्या सीट काढलेल्या, दारावर रंगाने नंबर घातलेला. हौशी लोकांचा एक क्लब होता, तिथे अशा जुन्या गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. दातार कधी पहिले आले नव्हते, दुसरेही नाहीत.

“माझी स्पर्धा लोकांशी नाहीच मुळी,” ते म्हणायचे. “माझी स्पर्धा गाडीशी.”

“आणि दर वेळी गाडीच जिंकते,” बायको म्हणायची.

यंदा गाडी वाजायला लागली. शिलाई मशीन चालावं तशी टकटकटकटक. टॅपेट वाजतायत, हे कुठल्याही गॅरेजवाल्याने डोळे मिटून सांगितलं असतं. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवलेली पोलादी टोपी, बामाच्या बाटलीच्या झाकणाएवढी. या गाडीत अशा आठ. आत तेल भरलेलं असतं आणि त्या तेलाच्या जोरावर टोपी ताठ उभी राहते. आत घाण अडकली किंवा हवा शिरली की ती ढिली पडते, आणि वर फिरणारा कॅम नावाचा पोलादी उंचवटा येता-जाता तिला टपल्या मारत सुटतो.

दातारांनी आधी दाट तेल घातलं. गाडी जास्त वाजली. मग पातळ घातलं. मग दुकानदाराने दिलेलं बाटलीतलं औषध. शेवटी त्यांनी कानात कापूस घालून वर हेल्मेट चढवलं. हा उपाय लागू पडला, पण एकट्या दातारांना.

मागच्या शर्यतीआधी क्लबच्या तपासनिसाने लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. हा गृहस्थ जन्मभर बसची इंजिनं ऐकत आलेला.

“दातार, हिच्या पोटात सुतार बसलाय,” तो म्हणाला. “आज सोडतो. पुढच्या वेळी सुतार दिसला तर ट्रॅकवर जायचं नाही. तुमचं इंजिन फुटायचं, आणि तेलावरून मागची मंडळी घसरायची.”

हे बायकोने ऐकलं. ती शाळेत गणित शिकवायची. अट कशी मांडावी हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिची आई गेल्या वर्षीपासून त्यांच्याकडे राहायला आली होती. गुडघ्यांमुळे जिना चढणं बंद, म्हणून सासूबाईंची खाट बैठकीत. तळमजल्यावर बैठक आणि स्वयंपाकघर सोडलं तर एकच जागा होती: शेड. आणि शेडमध्ये गाडी.

“पुढच्या वेळी गाडी नापास झाली तर तुम्ही ती विकायची, शेडला फरशी घालायची, रंग द्यायचा, आणि ती खोली आईची,” बायको म्हणाली. “पास झाली तर मी ब्र काढणार नाही. वाजली तर गेली.”

दातार हो म्हणाले. नाही म्हणायला त्यांच्याकडे मुद्दाच नव्हता. सासू खाटेवर आणि गाडी खोलीत, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

सासूबाई तेव्हा समोर बसून जेवत होत्या. त्यांची कवळीही वाजायची, आणि ती जावयाच्याच हातची होती. घास चावला की टक, बोलल्या की टक. दातार गेले कित्येक महिने ‘बघतो, आई’ म्हणत होते.

“तुमच्या गाडीचं तोंड झालं की मग माझं बघा, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “मला घाई नाही. मला कुठे कोण नापास करतंय.”

शर्यतीच्या आठवड्यात दातारांनी इंजिन उघडलं. लोहचुंबकाने एकेक टॅपेट वर ओढून काढला. हे काम नाजूक, ताकदीपेक्षा शिस्तीचं. जो टॅपेट जिथला, तो तिथेच परत बसला पाहिजे. खालचा-वरचा जबडा एकमेकांना सरावलेला असतो तसा प्रत्येक टॅपेट आपापल्या कॅमखाली घासून घासून तयार झालेला असतो. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. दातारांना हे सांगावं लागत नव्हतं. त्यांनी कवळ्यांचे आठ रिकामे डबे आणले, झाकणांवर पेन्सिलने आकडे घातले, प्रत्येकात एक टॅपेट तेलात बुडवला आणि शेडमध्ये धूळ नको म्हणून डबे स्वयंपाकघराच्या ओट्यावर रांगेने मांडले. सातव्या नंबरचा टॅपेट अंगठ्याने दाबला की गचकन आत जात होता. चोर तोच होता. त्याच्याकडे एकदा रागाने बघून दातार समाधानाने झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला घरी आले तेव्हा ओट्यावर पांढरा टॉवेल पसरलेला होता आणि त्यावर आठ टॅपेट चांदीसारखे चमकत होते. डबे उपडे घातले होते. झाकणं इतकी स्वच्छ, की पेन्सिलीचा मागमूस नाही.

दातार खुर्चीवर बसले.

“आई, हे काय?”

“धुतले,” सासूबाई म्हणाल्या. “काळ्या तेलात बुचकळून ठेवले होते, शी. आधी साबणाने धुतले, मग कवळी साफ करायची गोळी टाकून ठेवले. काय फसफसलं म्हणता. घाण अडकलीय म्हणून वाजतात, असं तुम्हीच नाही का म्हणत होता?”

या घरात डब्यात भिजत पडलेली वस्तू म्हणजे कुणाचे तरी दात, आणि दात म्हणजे धुवायचे, हा नियम दातारांनीच घालून दिलेला. पण त्या क्षणी त्यांना नियम आठवला नाही. आठवली ती अट.

“शेड हवी होती तर सरळ सांगायचं, आई. आकडे कशाला पुसायचे?”

सासूबाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. त्यांची कवळी एकदाच वाजली.

“मला शेड? जिथे खिडकी नाही तिथे? बैठकीत बसलं की आख्खी गल्ली दिसते मला. कोण कुणाकडे गेलं, कुणाकडे पाहुणे आले, सगळं. ती खोली माझ्या मुलीला हवीय, माझ्यासाठी. मला कुणी विचारलंय? ना तिने, ना तुम्ही. मी तर म्हटलं, गाडी पास होवो एकदाची, म्हणून हात मोडेस्तोवर घासत बसले.”

जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात; इथे सासूबाई दातारांच्याच राशीला अनुकूल निघाल्या होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता.

“आणि आकडे पुसले गेले असतील, क्रम नाही मोडला,” त्या पुढे म्हणाल्या. “उभा जन्म लॉन्ड्री चालवली मी. एकाचा शर्ट कधी दुसऱ्याच्या अंगावर गेला नाही. इथेही तसंच. एक धुवायचा, त्याच्याच डब्यात ठेवायचा, मग दुसरा.”

दातारांनी मान हलवली, पण ती सौजन्याची. लॉन्ड्री वेगळी, इंजिन वेगळं. तरी त्यांनी डावीकडचा पहिला टॅपेट उचलून अंगठ्याने दाबला. घट्ट. दुसरा दाबला, तो गचकन आत गेला. त्यांचा चेहरा पडला.

“बघा. हा ढिला टॅपेट सातवा होता. तुमच्या रांगेत दुसरा आहे.”

“सातवाच आहे तो.”

“आई, दुसरा आहे.”

“तुम्ही कुठून मोजताय?” सासूबाईंनी डाव्या हाताचं बोट पार उजव्या टोकाला नेलं. “तुमचा एक नंबर इथे. मी डावखुरी. उजवीकडून मांडत येते, डावीकडे संपवते. लॉन्ड्रीत नव्या बायकांचाही असाच घोळ व्हायचा.”

दातारांनी उजवीकडून मोजलं. मग पुन्हा मोजलं. ढिला टॅपेट सातव्या जागी होता.

“चुकलो, आई,” ते म्हणाले.

“चुकलात तर चुकलात. आता माझे दात घासा.”

सासूने जावयाला असं सांगितल्याचं कुठे ऐकिवात नाही, पण दातारांनी ते ऐकलं. निळा कागद आणला, ‘चावा’ म्हणाले. एक ठिपका चांगलाच गडद उमटला. कानशीने दोन हात मारले आणि टक बंद. एवढंसं काम होतं, आणि महिनोन् महिने ‘बघतो’ चाललं होतं. दातारांना जरा लाजही वाटली. मग ते टॅपेटांकडे वळले. आतलं पाणी रॉकेलने धुऊन काढलं, वाळवले, नव्या तेलात बुडवून प्रत्येकाला ताठ होईपर्यंत दाबत बसले. सातव्यातून एक काळा कण निघाला, मोहरीपेक्षाही लहान. सासूबाई उजवीकडून एकेक उचलून द्यायच्या, दातार बसवायचे.

संध्याकाळी बायको शाळेतून आली. नवरा आणि आई शेजारी शेजारी बसून चहा पीत होते. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“काय शिजतंय?”

“काही नाही,” दोघंही म्हणाली. तिला ते अजिबात आवडलं नाही.

शर्यतीच्या दिवशी सासूबाई घडीची खुर्ची घेऊन आल्या. तपासनिसाने बॉनेट उघडायला सांगितलं. दातारांनी किल्ली फिरवली आणि गाडी वाजायला लागली. टकटकटकटक. अगदी पहिल्यासारखी.

बायको जमिनीकडे बघत होती. तिला शेडच्या भिंतींचा रंग दिसत असावा, पण नवऱ्याचा चेहराही दिसत होता, आणि दोन्ही एकदम बघणं तिला जड जात होतं.

“सुतार आहे की अजून,” तपासनीस म्हणाला.

“तेल चढू द्या जरा,” दातार म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही.

“थांबा हो थोडं,” सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. “सकाळी उठल्या उठल्या माझे गुडघेही वाजतात. म्हणून काय मला विकणार का?”

तपासनीस हसला आणि थांबला. दातारांनी पाय हलका दाबून धरला. एक आवाज गळाला, मग आणखी एक. पाऊस ओसरताना पत्र्यावरचे थेंब विरळ होत जातात तशी टकटक विरळ होत गेली, आणि मग नुसती घरघर उरली. तपासनिसाने स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

“जा,” तो म्हणाला.

दातार शेवटून दुसरे आले. शेवटच्याचं चाक निखळलं होतं.

बायकोने शब्द पाळला. गाडीबद्दल ब्र काढला नाही. आईने बैठक सोडणार नाही म्हणून निक्षून सांगितलं, तेव्हा तिने तेही ऐकून घेतलं. फक्त म्हणाली, “ठीक आहे. मग बैठक आता आईची खोली. तिथे पडदा लागेल. आणि जेवण झाल्यावर तिला झोप येते, तेव्हा टीव्ही तिथे नको.”

“मग कुठे?” दातारांनी विचारलं.

टीव्ही शेडमध्ये गेला. गाडीच्या पुढे, भिंतीवर. गाडीसाठी ठरवलेली शांत जागा आता रोज संध्याकाळी गजबजते. बायको स्टुलावर बसते, शेजारीण आली तर टायरवर. मालिका चालू असताना इंजिन सुरू करायला बंदी आहे. शेडमध्ये नीट पाठ टेकता येईल अशी सीट एकच, त्यामुळे दातार गाडीतच बसतात, स्टीअरिंगवर हात ठेवून, काचेतून बघत.

“ही कोण नवीन?” परवा त्यांनी काच खाली करून विचारलं.

“मागच्या भागात लक्ष कुठे होतं तुमचं?” बायको म्हणाली. “काच वर करा. ऐकू द्या.”