चार बाटल्या आणि वाटीभर वरण

मी आचारी आहे. केज तालुक्यात लग्न निघालं, की पंगतीचं वरण माझ्या हातचं असावं असं लोकांना वाटतं. ही फुशारकी नव्हे, लोकच तसं बोलतात. आमच्या धंद्यात कामाची सुपारी मिळते ती जिभेवर. भगुन्यातलं पळीभर तळहातावर घ्यायचं, चाटायचं आणि काय कमी पडलंय ते सांगायचं, एवढंच खरं कसब. बाकी पळी काय कुणीही हलवतं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी आठ-दहा दिवस तापानं पडलो. उठलो तेव्हा बायकोनं चहा दिला, तर ते नुसतं गरम पाणी. म्हटलं, येईल हळूहळू. काही आलं नाही. नाकाला वास नाही, जिभेला चव नाही. तिखट तेवढं जळायचं. मिठाचा खडा तोंडात धरला तरी गोटी चघळल्यागत वाटायचं.

हे फक्त बायकोला माहीत होतं. बाहेर कळलं असतं तर कारभार आटोपलाच होता. ज्याला मीठ कळत नाही त्याला सुपारी कोण देणार? मग मी डोळ्यांनी आणि कानांनी स्वयंपाक करायला शिकलो. कांदा किती लाल झाला ते बघायचं, फोडणी कशी तडतडते ते ऐकायचं, मीठ मुठीनं मोजायचं. तरी पंगत बसली, की पहिल्या घासाला लोक कसं तोंड करतात, ते मी कनातीच्या फटीतून बघत राहायचो. तीन वर्षं असंच चाललं.

आम्ही चार मित्र, एकाच शाळेतले. एक जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाला. दुसऱ्याचं केजला किराणा दुकान आहे, माझा सगळा माल त्याच्याकडूनच. तो लिंगायत, गळ्यात लिंग, त्यामुळं दारू-मटणाच्या वाटेला तो जात नाही, पण बैठक चुकवत नाही. तिसरा नाशिककडं गेला आणि तिकडं एका वाइनच्या कारखान्यात लागला. चौथा मी.

गेल्या मार्चात नाशिकवाल्याचा फोन आला. म्हणाला, फसफसणाऱ्या वाइनच्या चार बाटल्या आणतोय, कागदात गुंडाळून नंबर टाकायचे आणि कुठली काय ते नुसत्या चवीवर ओळखायचं. त्यांच्या कारखान्यात असं नेहमी करतात म्हणे. त्यात एक फ्रान्सची, दोन नाशिकच्या आणि एक स्वस्तातली, जिच्यात सोड्यासारखा वरून गॅस भरतात. एवढं सांगून वर म्हणतो कसा, "निकाल तू द्यायचा बे. आपल्यात जीभ तुजीच हाय." मी हो हो म्हणालो आणि फोन ठेवून कपाळाला हात लावून बसलो.

दोन दिवस डोकं खाजवून मी लबाडी शोधून काढली. बाटल्या गार करायचं काम मीच मागून घेतलं. गार कोण करणार, तर आचारी, त्यात कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. बेत असा होता, की फ्रान्सच्या बाटलीच्या गळ्याला एक पांढरा दोरा बांधायचा. वरून कागद गुंडाळला तरी दोरा दिसेल. एवढं जमलं म्हणजे इज्जत वाचली.

मास्तरच्या शेतात कडुलिंबाखाली बैठक ठरली. नाशिकवाला सकाळीच बाटल्या घेऊन आला. कुणी ओळखू नये म्हणून गळ्यावरचा चमकीचा कागद त्यानं आधीच सोलून काढला होता. मग तो मास्तरसोबत ऊस बघायला गेला. लग्नात मठ्ठा गार करायची आमची एक रीत आहे. मोठ्या भगुन्यात बर्फाची लादी फोडून टाकायची, वर दोन मुठी खडेमीठ आणि पाणी. घटकाभरात दात शिवशिवतील असं गार होतं. तसंच केलं, चारी बाटल्या आत बुडवल्या, वर ओलं पोतं टाकलं आणि चुलीकडं वळलो. म्हटलं, दोरा बांधू सवडीनं, घाई काय आहे?

वांगी भाजून दोरा घेऊन आलो, पोतं उचललं आणि जागीच बसलो. चारी लेबलं सुटून पाण्यावर कोथिंबिरीसारखी तरंगत होती. खाली चार बोडक्या बाटल्या, सगळ्या एकाच काळपट हिरव्या रंगाच्या. फ्रान्सची कुठली आणि सोड्याची कुठली, देवालाच ठाऊक. लग्नातल्या मठ्ठ्याला लेबल नसतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अक्कल गहाण ठेवली की असंच होतं.

नाशिकवाला परत आला आणि पोट धरून हसला. त्याला बुचावरच्या तारेवरून, बाटलीच्या वजनावरून सगळ्या ओळखू येत होत्या, त्याचं काही अडलं नाही. त्यानं आमच्याकडं पाठ करून बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, मास्तरच्या लाल पेनानं नंबर टाकले. दुकानदार लिंबूसरबत घेऊन वहीचं पान मांडून बसला. कोण काय म्हणतं ते लिहायचं काम त्याचं. चहाचे काचेचे गिलास आम्ही पुढं ओढले.

मास्तर पहिल्या घोटापासूनच सुटला. एक नंबरला कच्च्या कैरीचा वास येतो म्हणाला, तीनला ताज्या पावाचा. नाशिकवाला माना डोलवायला लागला, तसा मास्तर आणखी चढला. दोन नंबर पिऊन त्यानं जाहीर करून टाकलं, की हीच फ्रान्सची, पैजेवर सांगतो, आणि आणखी अर्धा गिलास मागून घेतला. मी आपला एकेक घोट तोंडात फिरवत होतो. कैरी नाही, पाव नाही, काहीच नाही. नुसतं गार आणि टोचरं. तिघं माझ्या तोंडाकडं बघत होते. मला घाम फुटला.

मग काय सुचलं कुणास ठाऊक, मी गिलास कानाला लावला. पाक ऐकायची सवय जुनी आहे. दोन नंबर सोड्यासारखी खळखळत होती, बुडबुडे जाड, आणि बघता बघता गप पडली. बाकीच्या तिन्हींचा आवाज बारीक, एकसारखा, थांबायचं नाव नाही. जिभेवरही त्यांचं टोचणं वेगळं होतं, बारीक रवा फिरावा तसं. मी गिलास खाली ठेवला आणि म्हणालो, दोन नंबरमध्ये गॅस भरलाय. फ्रान्सची विचाराल तर चार.

नाशिकवाल्यानं कागद फाडले. फ्रान्सची होती एक नंबरची, ती कुणालाच ओळखता आली नाही. पण दोन नंबर गॅसचीच निघाली. मास्तरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. नाशिकवाल्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, शेवटी आचाऱ्याची जीभ ती आचाऱ्याचीच.

ते मात्र मला सोसलं नाही. हरलो असतो तर हसून बाजूला सारलं असतं. पण नसलेल्या जिभेचं कौतुक, तेही या तिघांकडून, पचणारं नव्हतं. मी म्हणालो, "मला चव लागत न्हाई. कोरोनापासून. वास बी येत न्हाई."

दुकानदारानं वहीचं पान घडी घालून खिशात ठेवलं आणि खाली बघून म्हणाला, "आमाला ठावं हाय."

मग त्यानंच सांगितलं. कोरोनानंतरच्या पहिल्याच लग्नाला त्याच्या दुकानातून तेलाचा एक डबा चुकून खवट गेलता. मी दरवेळी डबा फोडून नाकाला लावतो आणि जरा इकडंतिकडं असलं तर त्याच्या सात पिढ्या काढतो. त्या दिवशी मी डबा नाकाला लावला आणि चांगलं हाय म्हणून बाजूला ठेवला. तो समोरच उभा होता. त्यानं गुपचूप डबा बदलला, घरी जाऊन मास्तरला सांगितलं, मास्तरनं नाशिकला फोन केला. नाशिकवाल्याच्या कारखान्यातल्याही एकाचं नाक असंच गेलतं. बुडबुडे कळायला नाक लागत नाही, ते नुसते टोचतात, हे त्याला माहीत होतं. म्हणून तर चारी बाटल्या फसफसणाऱ्याच आणल्या. मी सगळ्यांदेखत तोंडावर पडू नये आणि जमलं तर मनातलं बोलावं, एवढाच त्याचा हिशेब होता.

मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढं एकेक लग्न येत होतं. धर्मापुरीच्या लग्नात दुकानदार तांदळाची पोती टाकायला स्वतः आला होता आणि पोटात कावळे ओरडतात म्हणून वरण मागून गेला होता. दर लग्नात पंगतीच्या आधी दुकानदार आणि मास्तर या दोघांपैकी एक जण चुलीजवळ उगवायचाच. वाटीभर वरण दे म्हणायचा, भुरका मारायचा आणि जाता जाता बोलायचा, मीठ जरा कमी हाय, गूळ लई झालाय, असं काहून केलंस. मी त्यांना खादाड म्हणायचो, पळी उगारायचो. मीठ मात्र घालायचो. तीन वर्षांत माझ्या वरणाला कुणी नाव ठेवलं नाही, त्याचं श्रेय मी माझ्या मुठीला दिलं होतं.

एकदा तर लांब उमापूरला सुपारी होती. ऐन उन्हाळ्यात मास्तर एसट्या बदलत तिथं हजर झाला, शर्ट घामानं चिंब. म्हणाला, इकडं जरा काम होतं. वाटीभर वरण प्याला, मीठ सांगितलं आणि पंगतीलाही न थांबता परत गेला. मला त्याचा रागच आला होता, की जेवायलाही थांबला नाही.

मी मास्तरला विचारलं, "उमापूरला तुजं काय काम होतं बे?"

मास्तर गिलासातले बुडबुडे बघत होता. म्हणाला, "तेच काम होतं."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. चुलीचा धूर म्हणायचीही सोय नव्हती, वारा उलटा होता. या माणसांचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार? आणि फेडतो म्हणालो असतो तर त्यांनी माझ्याच पळीनं मला मारलं असतं.

वरण चुलीवर शिजत आलं होतं. मी डोळे पुसले, भगुन्याजवळ गेलो, तीन वाट्या भरल्या आणि तिघांच्या हातात दिल्या. इतक्या वर्षांत मी स्वतः होऊन कधी कुणाला वाटी दिली नव्हती. म्हणालो, "बगा बे, काय कमी हाय."

तिघांनी भुरका मारला. "मीठ," तिघंही म्हणाले. मी मूठ भरली. थोडं थोडं सोडत गेलो, आणि ते बस म्हणेपर्यंत हात थांबवला नाही.