विमान बावखलाकडे निघालं तेव्हा

बायकोने नोकरीतून लवकर निवृत्ती घेतली आणि गिरीज गावातल्या आमच्या वाडीत विमान बांधायला घेतलं. विमानतळावरच्या हँगरमध्ये तिने आयुष्यभर मोठ्या विमानांची देखभाल केली होती. हे विमान दोनच माणसांचं, सुट्या भागांच्या खोक्यांतून आलेलं. केळीचे घड ठेवायची शेड तिने त्यासाठी रिकामी केली. मी शाळेत मराठी शिकवतो. नारळ उतरवायला कुणी माडावर चढलं, तरी खाली उभ्या माझ्या पायांना मुंग्या येतात.

पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकताना पत्र्याच्या आतून लोखंडी ठोकळा धरायला दुसरं माणूस लागतं. मी अंगाने बारीक, म्हणून शेपटीच्या पोकळीत मी शिरायचो. बाहेरून ती ठोकायची, आत माझे दात वाजायचे. पत्रा बोटाने दाबला तरी लवायचा. याच्या भरवशावर आपलं माणूस आभाळात जाणार, हे तिथल्या अंधारात मनात आलं की मी ठोकळा आणखी घट्ट धरायचो.

"झालं का?" मी आतून ओरडायचो.

"एकच राहिलं," ती म्हणायची. एक कधीच नसायचं.

इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सेत माझं लक्ष लागलं नाही. पंख अजून जोडले नव्हते. विमान शेडबाहेर काढून शेपटी नायलॉनच्या दोराने माडाला बांधली, चाकांपुढे विटा लावल्या. समोर थोड्या अंतरावर बावखल, वाडीला पाणी देणारं आमचं तळं. ती आत बसली, कानांवर आवाज अडवणारे जाड डबे चढवले आणि आग विझवायचा सिलिंडर माझ्या हातात दिला.

"काही झालं तरी पुढच्या पंख्यासमोर येऊ नकोस. मागूनच ये."

"काही झालं तरी म्हणजे काय होईल?"

"काही होणार नाही रे."

इंजिन धडधडलं. नाकावरचा लाकडी पंखा दिसेनासा झाला, केळीची पानं फाटून उडायला लागली. तिने वेग वाढवला आणि माडाला बांधलेल्या दोराची गाठ सरकताना मला दिसली. हळूहळू, साप बिळातून निघावा तशी. मी ओरडलो. तिची नजर समोरच्या मीटरच्या काट्यांवर होती. विटा आडव्या पडल्या आणि विमान बावखलाकडे निघालं.

मी सिलिंडर टाकला, मागून धावलो आणि शेपटीला लोंबकळलो. चपला कधी सुटल्या कळलं नाही. गुडघे जमिनीवर घासत होते. तोंडातून प्रार्थना नाही, नुसतं "अगं, अगं" निघत होतं. माझ्या वजनाने नाक थोडं वर उचललं गेलं. ते तिला जाणवलं आणि तिने इंजिन बंद केलं. तरी पुढचं चाक काठावरून घसरलंच. पंख्याचं टोक दगडावर आपटलं, फटकन आवाज झाला आणि लाकडाचा एक तुकडा माझ्या कानाजवळून सूं करत गेला.

मग शांतता. तिला हाक मारायला माझी जीभ उचलेना. उत्तर आलं नाही तर?

मी दार उघडलं. ती तशीच बसलेली, दोन्ही हात मांडीवर. मला बघून तिने कानांवरचे डबे काढले.

"मला कळलंच नाही विमान चाललंय ते," ती म्हणाली.

"विकून टाकू हे."

ती खाली उतरली. "तू घाबरतोस म्हणून तर तुला बाहेर उभं करते. तुझी नजर हलत नाही."

विकलं नाही. इंजिन खोलून तपासलं गेलं, नवा पंखा आला, शेपटी बांधायला जमिनीत सिमेंटमध्ये लोखंडी कडी गाडली. दुसऱ्या खेपेला विमान जागचं हललं नाही. मी मात्र शेडच्या खांबाला धरून उभा होतो.

पावसाळ्यानंतर ते ट्रकवरून एका धावपट्टीवर जाईल. आधी अनुभवी वैमानिक उडवून बघेल, मग ती त्याच्या शेजारी बसेल. असं ठरलं आहे. तारीख मी अजून विचारलेली नाही.

परवा मी वह्या तपासत होतो. ती टेप घेऊन आली आणि माझा खांदा मापायला लागली.

"कशाला?"

"माझ्या शेजारच्या सीटच्या पट्ट्यासाठी. वैमानिक काय कायम येणार आहे का? हलू नकोस."

मी हललो नाही. तळहातांना घाम फुटला होता. वह्यांना लागू नये म्हणून मी ते पँटला पुसले.